पुसटलेलं टिंब

"मोठ्याने वाच," साहेब म्हणाले. "मनातल्या मनात वाचलंस तर तुला किती कळलं ते मला कसं कळणार?"

मुलगी मोठ्याने वाचू लागली. ती विद्यापीठात व्यवसाय व्यवस्थापन शिकत होती आणि इंटर्नशिपसाठी या कारखान्यात आली होती. औषधांची, साबणांची, दिव्यांची पुठ्ठ्याची खोकी इथे छापून निघत. ग्राहकाचा मजकूर आणि छपाईचा नमुना ताडून बघायचा, आणि मगच "लावा" म्हणायचं, हे साहेबांचं काम. केस काळे होते तेव्हापासून ते हेच करत आले होते.

विद्यार्थी म्हणजे डोक्याला ताप, असं म्हणून दरवर्षी ते हात झटकायचे. यंदा त्यांनी स्वतःहून एक विद्यार्थिनी मागून घेतली, तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं. खरं कारण फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. साहेबांची नजर जात चालली होती. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसट, कडेचं तेवढं स्वच्छ. गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवू, असं डॉक्टर म्हणाले होते.

"त्या पोरीच्या जिवावर किती दिवस ओढणार?" बायको विचारायची.

"ती आहे तोवर."

"आणि मग?"

त्यावर साहेब आमटी वाढायला सांगायचे.

आपलं काम दाखवायला म्हणून मुलगी एक दिवस विद्यापीठात गेली आणि नेमका त्याच दिवशी तातडीचा नमुना आला. लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं खोकं होतं. मशीनवाला समोर उभा राहिला.

"बघता ना साहेब? मशीन रिकामं पडलंय."

उद्यावर टाकलं असतं तर 'का?' हा प्रश्न आला असता. दुसऱ्याला वाचायला सांगितलं असतं तरी तोच. साहेबांनी कागद तिरका धरला, मान वळवून कडेने बघितलं. ओळी तेवढ्याच दिसत होत्या, रंगही जुळत होता.

"लावा," ते म्हणाले.

घरी जेवताना घास फिरत राहिला. बायकोने विचारलं, तर दाढ दुखतेय म्हणाले.

सकाळी मुलीने टेबलावरचा नमुना सवयीने उचलला आणि ग्राहकाच्या मजकुराशी ताडून वाचता वाचता थांबली.

"सर, हे छापायला गेलं?"

"का गं?"

"बाळाला अडीच मिली द्यायचंय. इथे पंचवीस झालंय. मधलं टिंबच नाही."

खाली मशीन धडधडत होतं.

"पळ! थांबवायला सांग!"

ती धावत गेली. साहेब टेबलाची कड घट्ट धरून कान लावून बसले. मशीन काही थांबेना. पुढे कुठल्यातरी घरात कुठलीतरी आई चमच्यावर चमचे भरत होती, ती मात्र त्यांना लख्ख दिसत होती. अखेर धडधड थांबली.

मुलगी धापा टाकत परत आली आणि तिने दार लावून घेतलं.

"एकही खोकं बाहेर गेलेलं नाही, सर." मग हळूच म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही ना?"

"कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात. माझ्याशी बोलताना तुम्ही माझ्या डोळ्यांत न बघता कानाकडे बघता."

"मग बोलली का नाहीस?"

"माझे निम्मे गुण तुमच्या हातात आहेत. आणि तुम्ही शिकवता छान. मी आहे तोवर निभेल, असं वाटलं. काल मी नव्हते."

तेवढ्यात मशीनवाला दार ढकलून आत आला. "वाचवलंत साहेब! ही म्हणाली, तुमच्याच लक्षात आलं. तुमची नजर म्हणजे नजर!"

साहेबांनी मुलीकडे पाहिलं. ती खाली बघत असावी.

मशीनवाला गेल्यावर त्यांनी तो नमुना चाचपून हातात घेतला. मग उठून मालकीणबाईंच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मॅडम, चूक मी पकडली नाही. ती मीच सोडली होती. मला वाचता येत नाही आता."

"आधी का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

मॅडम रागावल्या नाहीत, धीराचा शब्दही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून नमुने दुसऱ्या टेबलावर जाऊ लागले. नवा माणूस तयार होईपर्यंत साहेबांनी थांबायचं आणि मग निवृत्त व्हायचं, असं ठरलं. मुलीच्या मूल्यमापनात त्यांनी पूर्ण गुण सांगितले आणि ते तिलाच लिहायला लावले.

"एक ऐक," ते म्हणाले. "पुन्हा कुठल्या साहेबासाठी खोटं बोलू नकोस. माझ्यासारखा असला तर मुळीच नको."

तिला हसू आवरेना. मग नाक पुसत बसली.

तिच्या शेवटच्या दिवशी नव्या माणसाला कारखाना दाखवायचा होता. जिन्याशी येऊन साहेब थांबले.

"हात दे गं जरा, पायऱ्या दिसत नाहीत," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

तिचं कोपर धरून ते खाली उतरले आणि नव्या माणसाला घेऊन मशीनांमधून चालू लागले. एकजण काम सोडून जवळ आला, हात पुसत म्हणाला, "साहेब, मी कटिंगवाला."

त्याच्या मागून दुसरा आला. "मी शाईवाला, साहेब."

मग एकेक करून सगळेच येऊ लागले.