गाडी उडवायची आहे

माझं अक्षर चांगलं आहे, आणि मला त्याचा फार माज होता. साक्री तालुक्यातल्या आमच्या गावात लग्नपत्रिकांवर नावं घालायला मलाच बोलवायचे. पुढे वरणगावला दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात लेथवर टर्नर म्हणून लागलो तरी खोड गेली नाही. तोंडानं दोन शब्दांत होईल ते काम मी चिठ्ठी लिहून सांगायचो. ही त्यातल्याच एका चिठ्ठीची गोष्ट आहे. सांगताना मला माझाच राग येतो, तेव्हा मधेच तोंड सुटलं तर सांभाळून घ्या.

एक्क्याण्णव साली माझा मेहुणा हिलाल मस्कतहून आला. बाकीच्यांना अत्तर आणि साबण, मला एक मोठा खोका. खोक्यावर निळ्या रॅली गाडीचं चित्र होतं. चारही चाकं हवेत, खाली धुळीचा लोट. मी हावऱ्यासारखा खोका उघडला, तर आत गाडीच नाही! पिशव्यांमध्ये नुसते सुटे भाग. दांडे, स्प्रिंगा, इवलेसे स्क्रू, एक मोटार, एक रिमोट आणि जपानी अक्षरांचं पुस्तक.

हिलाल हसत म्हणाला, "दाजी, तुम्हलेच जोडनी पडी."

जोडायला चार महिने लागले. पुस्तकातली चित्रं बघायची आणि एकेक भाग बसवायचा. तेवढे दिवस क्वार्टरच्या पुढच्या खोलीत वर्तमानपत्र अंथरलेलं असायचं आणि प्रमिलाला तिथं झाडू मारायला बंदी. ती म्हणायची, ह्यांनी संसाराचे स्क्रू कधी इतके बघून आवळले नाहीत. बरोबरच म्हणायची.

विजेचं सगळं काम मात्र इसाकचं. जळगावला जुन्या बाजाराजवळच्या एका बोळात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आठ वर्षांपूर्वी माझा टेपरेकॉर्डर घेऊन गेलो होतो तेव्हापासूनची ओळख. तिची दोस्ती कधी झाली ते कळलंही नाही. मी त्याला इसाक म्हणायचो, तो मला झुल्या म्हणायचा. कारखान्यात मी झुलालभाऊ, गावाकडं झुलालआबा, पण झुल्या म्हणायला एकच माणूस उरला होता. ईदला त्याच्या घरचा शिरखुर्मा आम्हाला आणि दिवाळीला आमच्या घरच्या करंज्या त्याला, हे ठरलेलं.

ती गाडी आम्ही दोघांनी मिळून मोठी केली. शॉकअॅब्सॉर्बरमधलं तेल गळून गेलं तेव्हा मी शिलाई मशीनचं तेल घातलं आणि गाडी बेडकासारखी उड्या मारायला लागली. इसाक म्हणाला, "झुल्या, एरंडेल घाल." एरंडेल घातल्यावर ती शहाण्यासारखी चालली. मोटारीचा कार्बन झिजला तर त्यानं मिक्सरचा कार्बन कानशीनं घासून बसवला. मग एकदा मोटारीवरच्या छोट्या गियरचे दात गेले. तो गियर जळगावातच काय, मुंबईतही मिळेना. तेव्हा मी तो बनवला. पितळेचा, बारा दातांचा, असा सुबक की इसाक भिंगातून बघतच राहिला.

"पितळ कुठलं रे?" त्यानं विचारलं.

मी शहाणपणा करून खरं सांगितलं. पितळ कारखान्याचं होतं. टूलरूमच्या भंगारातला अंगठ्याएवढा तुकडा. गियर तिथंच कापला आणि जेवणाच्या डब्यात पोळीखाली घालून गेटबाहेर आणला. एवढ्याशा पितळेसाठी आमच्याकडे माणूस नोकरी जाऊन घरी बसतो, आणि बसायलाच पाहिजे. इसाक गंभीर झाला. "पुन्हा करू नको असं," एवढंच म्हणाला आणि गियर बसवून दिला.

आता चिठ्ठी. त्र्याण्णवच्या मार्चमध्ये, पाडव्याला कॉलनीच्या मैदानात गाडी सगळ्यांना दाखवायची असं माझ्या मनात होतं. विटेवर तिरपी फळी ठेवायची, गाडी जोरात आणायची आणि खोक्यावरच्या चित्रासारखी हवेत उडवायची. कोणाला आधी सांगायचं नव्हतं, एकदम चकित करायचं होतं. अडचण अशी होती की गाडी चाळीस पावलांपलीकडं गेली की रिमोटचं ऐकत नसे. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी मी गाडी आणि रिमोट घेऊन जळगावला गेलो, तर इसाक नमाजला गेलेला. रमजान चालू होता. शेजारच्या घड्याळवाल्यानं दुकानावर लक्ष ठेवलं होतं. थांबलो असतो तर अर्ध्या तासात इसाक आला असता. पण मला अक्षराचा माज! टेबलावरचा कागद घेतला आणि झोकात लिहिलं:

'रिमोटची रेंज वाढवून ठेव. पाडव्याला मैदानात खूप गर्दी असेल. लांब उभं राहून गाडी उडवायची आहे. तोपर्यंत कुणाला बोलू नको. मी येऊन घेऊन जाईन.'

खाली नाव घातलं नाही. माझं अक्षर त्याला माहीत होतं. रबर लावून चिठ्ठी गाडीला बांधली आणि एसटी पकडली.

पुढच्या शुक्रवारी मुंबईत बॉम्बस्फोट झाले.

नंतरचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. जो तो कुजबुजत होता. ज्यांना काही माहीत नव्हतं ते जास्त सांगत होते, आणि रिमोट हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी होता. मंगळवारी कॅन्टीनमध्ये रुपचंद पेपर मोठ्यानं वाचायला लागला. रुपचंद माझ्या बाजूच्या मशीनवरचा, रोज जळगावहून येणारा. बातमी जळगावची होती: रेडिओ मेकॅनिक ताब्यात, रिमोट आणि वायरी जप्त, चिठ्ठी सापडली. इसाकनं रेंज तपासायला बोळात गाडी पळवली होती, ती बघून कोणीतरी पोलिसांना कळवलं होतं, हे मला मागाहून समजलं. चिठ्ठी पेपरवाल्यांनी जशीच्या तशी छापली होती.

"गाडी उडवायची आहे," रुपचंदनं पुन्हा वाचलं. "बघा, पाडव्याला. आपल्या सणाला!"

सगळे त्या लिहिणाऱ्याला शिव्या द्यायला लागले. मी चहाचा कप हातात धरून बसलो होतो. उठून सांगायला हवं होतं की अरे मूर्खांनो, उडवायची म्हणजे फळीवरून उडवायची, ते अक्षर माझं आहे. पण डोळ्यांसमोर तो पितळेचा गियर आला. दारूगोळ्याच्या कारखान्यातला टर्नर, कारखान्याचं पितळ, आणि असली चिठ्ठी. मला वाटलं, नोकरी तर जाईलच, मीही आत जाईन. इसाक निर्दोष आहे, तो एकदोन दिवसांत सुटेलच, असं मी स्वतःला सांगितलं आणि मशीनवर जाऊन उभा राहिलो.

बुधवारी दुपारी ड्यूटीवरून आलो तर दारात इसाकची बायको जरीना उभी. रोजा धरलेला, उन्हातून दोन एसटी बदलून आलेली. पाणीही घेता येत नव्हतं तिला. प्रमिलानं चटई टाकली.

"भाऊ," ती म्हणाली, "त्यांना विचारतात, चिठ्ठी कोणाची. ते म्हणतात, गिऱ्हाईक होतं, नाव आठवत नाही. असं कसं आठवत नाही? मला तर ते घरी सगळ्या गिऱ्हाइकांची नावं सांगतात. गाडी कोणाची ते मात्र कधी बोलले नाहीत."

पितळेचं कळल्यापासून त्यानं त्या गाडीच्या बाबतीत माझं नाव घरातही घेतलं नव्हतं.

"तुम्ही सरकारी माणूस," ती म्हणाली. "तुमचं ऐकतील. ज्यानं लिहिली त्याला शोधा, भाऊ. त्याला म्हणा, दोन शब्द बोल, एक घर वाचेल."

आणि मी, आठ वर्षं ज्या घरचा शिरखुर्मा खाल्ला तो मी, तिच्याकडं न बघता म्हणालो, "बघतो."

ती गेली. मी खाली मान घालून बसलो. थोड्या वेळानं माळ्यावरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला आणि प्रमिलानं तो मस्कतचा खोका माझ्यापुढं आणून आपटला. वर निळी गाडी, चारही चाकं हवेत.

"माले बठ्ठं समजनं," ती म्हणाली. सगळं ओळखलं होतं तिनं. "चिठ्ठी तुमनी शे. हाऊ खोका लई जा. तुम्ही जातस का मी जाऊ?"

गुरुवारी रजा टाकली आणि जळगावला गेलो. पोलीस स्टेशनच्या व्हरांड्यात जरीना बाकावर बसलेली होती, मांडीवर संध्याकाळी रोजा सोडण्यासाठी आणलेला डबा. मला बघून ती उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की मला पळून जावंसं वाटलं. ती माझ्यामागोमाग दारापर्यंत आली.

फौजदारांपुढं मी खोका ठेवला आणि सांगितलं, चिठ्ठी माझी, गाडी माझी. त्यांनी मला तिथंच ती चिठ्ठी पुन्हा लिहायला लावली. तेव्हाही अक्षर चांगलंच आलं. दोन्ही कागद त्यांनी शेजारी धरले, मग खोक्यावरचं चित्र बघितलं.

"उडवायची म्हणजे ही अशी?"

"हो साहेब. फळीवरून."

"मग उडवून दाखवा."

इसाकला बाहेर आणलं. दाढी वाढलेली, सदरा मळलेला. मला बघून त्याचे डोळे क्षणभर हसले. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं सुजली होती. कशानं, ते मी विचारलं नाही. विचारायला मला तोंड नव्हतं.

गाडीच्या सगळ्या वायरी कोणीतरी उपटून ठेवल्या होत्या. सुजलेल्या बोटांनी इसाकला सोल्डरिंगचं डाकयंत्र धरता येईना. मग तो शेजारी बसला आणि मी त्याच्या सांगण्यावरून डाक दिले. "लाल इकडं. काळी तिकडं. घाई नको, झुल्या, कथील वाहू दे." तीन दिवस कोठडीत काढलेला माणूस मला धीर देत होता. शेवटी मोटार गुरगुरली. आवारात विटेवर फळी ठेवली. गाडी सरळ आली, फळीवर चढली, हवेत गेली आणि चारही चाकांवर उतरली. पोलीस टाळ्या वाजवायला लागले. एक जण म्हणाला, पुन्हा एकदा करा. ज्या क्षणासाठी दोन वर्षं खपलो तो असा आला, आणि मला त्याची शिसारी आली.

फौजदारांनी गाडी उचलून उलटी केली. "हा पितळेचा कुठून आणला?"

मी तोंड उघडायच्या आत इसाक बोलला. "भंगारातला, साहेब. जुनी घागर होती, तिचा तुकडा. मीच कापून घेतला."

फौजदारांनी मान हलवली. मग माझ्याकडं वळले. "आणि तुम्ही तीन दिवस कुठं होता? पेपरात छापून आलं होतं सगळं."

खरं बोलायची ही शेवटची संधी होती. घाबरलो होतो साहेब, एवढंच म्हणायचं होतं. त्यानं माझं काहीही वाईट झालं नसतं.

"गावाला गेलो होतो," मी म्हणालो. "धुळ्याकडं. आज सकाळीच परत आलो, पेपर बघितला आणि तसाच इकडं आलो."

दारात जरीना उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग हातातल्या डब्याकडं बघितलं.

कागदपत्रं होऊन आम्ही बाहेर पडलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. इसाक गाडी आणि रिमोट सांभाळून खोक्यात ठेवत होता, डाव्या हातानं. जरीना त्याच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, पण मला ऐकू आलं. "कल मैं इनके घर गई थी. ये घर पे ही थे."

इसाकचा हात थांबला. तो वर बघेल असं मला वाटलं, पण त्यानं आधी खोक्याचं झाकण लावलं, सुतळी बांधली, गाठ नीट बसली का तपासलं. मग खोका माझ्या हातात दिला.

"रेंज वाढली आहे," तो म्हणाला. "दोनशे पावलांपर्यंत मी स्वतः बघितली."

"इसाक, ऐक ना..."

"आणि पुढं कधी काही सांगायचं असेल, साहेब," तो म्हणाला, "तर चिठ्ठी लिहू नका. तोंडानं सांगा."