घंटी आणि एक अक्षर

“यार, स्विचची वाट लागलीय,” असे म्हणून शिवदास नावाच्या विद्यार्थ्याने माझ्या थोरल्या बंधूंच्या बोटाखालचे बटण पुन्हा उघडले.

पक्षाघाताने दत्ताराम दादांची वाचा गेली होती. डाव्या हाताचे एक बोट तेवढे हलत असे. मी अंधेरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकाच्या प्रयोगशाळेचा शिपाई, शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या अनुपमा मॅडम मुलांना प्रोग्रॅम लिहिणे शिकवीत, परंतु “आधी माणूस बघा, मग लिहा,” असे म्हणून त्यांनी मुलांना रुग्णालयातच आणले होते. संगणक मी टॅक्सीतून मांडीवर धरून आणला. गणपती आणतात तसा, दोन्ही हातांनी सांभाळून.

पडद्यावर प्रथम वहिनींचे नाव उमटे : रुक्मिणी. दादांनी बटण दाबावे, घंटी वाजावी, वहिनी याव्यात, आणि त्यानंतरच पाणी, कूस बदला, दुखते असे शब्द पुढे सरकावेत, अशी योजना होती. परंतु दादा पडद्याकडे टक लावून पाहत आणि बोट निश्चल राही.

“समज उरलेली दिसत नाही,” डॉक्टर म्हणाले. “आता आशा धरू नका.”

वहिनींनी पलंगाची दांडी घट्ट धरली.

“स्विच ठीक आहे, प्रोग्रॅमही ठीक आहे,” मॅडम मुलांना म्हणाल्या. “पण हा शब्द कोणाला विचारून घातलात?”

तेव्हा सुलक्षणा नावाची बोरीवलीची मुलगी वहिनींजवळ गेली. “काकी, काका तुम्हाला हाक कशी मारायचे?”

वहिनी लाजल्या. “नाव कित्याक घेतीत? ‘गो’ म्हणत. पावण्यांसमोर तर नुसते खोकत.”

“आणि आम्ही नाव टाकून बसलो ना!” सुलक्षणाने कपाळावर हात मारला आणि ती संगणकाकडे धावली.

नाव पुसले गेले. तेथे एकच अक्षर प्रकाशमान झाले : गो.

दादांचे बोट खाली गेले. घंटी वाजली.

“इलंय!” शेजारीच उभ्या असलेल्या वहिनींनी ओ दिली.

त्या क्षणी माझे हात आपोआप जोडले गेले. संगणकाच्या पेटीपुढे की त्या पोरांपुढे, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढचे शब्द आले नि गेले. दादा पुन्हा पहिल्या अक्षराचीच वाट पाहत राहिले. “काका, पुढे पाणी पण आहे ना!” शिवदास हसून म्हणाला. घंटी मात्र पुन्हा ‘गो’लाच वाजली.

श्रावणात दादा गेले. संगणक मी प्रयोगशाळेत परत नेला.

दिवाळीत वहिनी मुलांसाठी फराळाचा डबा घेऊन महाविद्यालयात आल्या आणि दाराशी माझ्या स्टुलावर टेकल्या. आत सुलक्षणा नव्या मुलांना तो प्रोग्रॅम दाखवीत होती. तिची पाठ दाराकडे होती. तिने बटण दाबले.

घंटी वाजली.

वहिनींनी डबा खाली ठेवला, पदर सावरला आणि त्या उठल्या. मुलांनी वळून पाहिले, आणि कोणी न सांगता बाजूस सरून त्यांना वाट करून दिली.