अकरा डबे

लतिकाला भूक लागेनाशी झाली होती. आजारबिजार काही नव्हता, डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट पाहून ‘नॉर्मल’ म्हणून सांगितलं होतं. पण शारजाच्या रोल्ला भागात बावीस वर्षं डब्यांचा व्यवसाय करणाऱ्या बाईला भूक लागणार तरी कशी? पहाटे कुकरची पहिली शिट्टी, साडेअकराला साठ डबे गाडीत, आणि मग जे काही उरलं असेल ते ओट्यापाशी उभ्या उभ्या, कढईतूनच. फोडणीच्या वासानेच तिचं पोट भरून जायचं. साठ माणसं रोज दुपारी बोटं चाटत जेवायची आणि जिने रांधलं ती दोन घास चिवडून भांडी घासायला लागायची.

पन्नासावा वाढदिवस जवळ आला तेव्हा उर्वीने, म्हणजे तिच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीने, तिला समोर बसवलं.

“ममा, व्हॉट डू यू वॉन्ट? अँड डोन्ट से गोल्ड.”

“मला कडकडून भूक लागायला हवी,” लतिका म्हणाली. “आणि ती लागली की कुणीतरी माझ्या पुढ्यात ताट आणून ठेवायला हवं. माझ्या हातचं नसलेलं. बास.”

मागणं एवढंसं, पण पुरवणं महाकठीण. पुण्याला गेलं की नणंद गोड हसून म्हणायची, “वहिनी, तुझ्या हाताला काय चव आहे गं, तूच कर ना!” अबुधाबीच्या मैत्रिणींनी पिकनिक ठरवली की पन्नास माणसांचा मसालेभात आपसूक हिच्याकडे यायचा. एकदा हौसेने युरोपची टूर केली, मराठी कंपनीबरोबर. स्वित्झर्लंडच्या बर्फात झुणका-भाकरी खायला घालणारी कंपनी. चौथ्या दिवशी त्यांच्या महाराजांना ताप भरला आणि अख्ख्या बसने मान वळवून लतिकाकडे पाहिलं. उरलेलं युरोप तिने हॉटेलांच्या मागच्या दारांनी पाहिलं.

तेव्हा उर्वीने मराठी माणूस पोचला नसेल असं ठिकाण शोधायचं मनावर घेतलं. आठवडाभराने तिने आईपुढे फोन धरला. चीनमधला गुइझोऊ प्रांत, डोंगरातलं एक छोटंसं, निवांत गाव. पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, तिच्यावर रेंगाळणारं धुकं, काळपट लाकडी घरं, आणि एक बाई लाकडी पिंपातून वाफाळता भात काढते आहे.

“नो इंडियन रेस्टॉरंट विदिन टू हंड्रेड किलोमीटर्स. आय चेक्ड.”

“काढ तिकीट,” लतिका म्हणाली.

आत्मारामचा मात्र चेहरा पडला. लतिकाचा नवरा तसा धीराचा माणूस. अबुधाबीजवळच्या मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये सोळा वर्षं लोखंड कापलं, वेल्डिंगच्या ठिणग्या अंगावर घेतल्या, आणि गेली सहा वर्षं बायकोच्या डब्यांची गाडी शारजाच्या ट्रॅफिकमधून हाकत होता. पण अनोळखी पदार्थ पुढे आला की त्याची गाळण उडायची. इडलीच्या सांबारात शेवग्याऐवजी भोपळा दिसला तरी तो चौकशी करायचा.

“अगं पण तिथे खायचं काय?”

“देतील ते,” लतिका म्हणाली. “उर्वीने मेसेज केलाय, मासे आणि अंडी चालतील, बाकी मांस नको. खलास. आणि ऐका, तिथे मी चुलीच्या दहा फुटांत जाणार नाही.”

स्वयंपाकघर आठ दिवसांसाठी बिलकीसकडे सोपवलं. हैदराबादची ही बिलकीस बारा वर्षं लतिकाच्या हाताखाली पोळ्या लाटत होती. “यल्ला भाभी, बेफिकर जाओ,” म्हणाली खरी, पण निघताना ती लतिकाची नजर का चुकवत होती, हे लतिकाला त्या वेळी उमगलं नाही.

अबुधाबीहून विमान, मग बुलेट ट्रेन, मग वळणावळणाच्या रस्त्याने दोन तास गाडी. गावात पोचले तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. भात नुकताच कापून झाला होता आणि अंगणाअंगणात बांबूच्या चटयांवर लालभडक मिरच्या वाळत होत्या. बदकांची एक रांग कुणाची पर्वा न करता रस्त्यातून चालली होती. लतिका गाडीतून उतरली आणि थबकून उभी राहिली. काहीतरी नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं, एसीची घरघर नव्हती. रोल्लाच्या घरात ती बावीस वर्षांत एक दिवस थांबली नव्हती.

ज्यांच्या घरी उतरायचं होतं त्यांचं आडनाव लोंग. आत्मारामने दारातच त्यांचं लोंगबाई करून टाकलं. साठीच्या, बुटक्या, निळ्या जाकिटातल्या, अंबाड्यात लाकडी फणी खोचलेल्या. त्या त्यांच्या भाषेत बोलायच्या, उर्वीचा फोन त्याचं इंग्रजी करायचा आणि उर्वी त्याचं तिला जमेल तसं मराठी. खोली दाखवून लोंगबाई खाली चुलीकडे गेल्या आणि लतिका खिडकीशी बसली. आता भुकेची वाट पाहायची, एवढंच काम होतं.

तेवढ्यात मागे खणखणाट झाला. आत्मारामने दुसरी बॅग उघडली होती आणि टेबलावर एकेक करून स्टीलचे डबे मांडत होता. त्यांच्याच डब्यांच्या व्यवसायातले, माळ्यावरचे जादा डबे, एकसष्ट ते एकाहत्तर नंबरचे. झाकणं उघडली तशी खोलीभर रोल्ला दरवळलं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसणीची चटणी, मेतकूट, चिवडा, बेसनाचे लाडू.

“बिलकीसकडून करून घेतलं,” तो विजयी मुद्रेने म्हणाला. “सगळं तुझ्याच रेसिपीने! आठ दिवस टेन्शन नाही.”

लतिकाने एक दशमी उचलली आणि परत ठेवली. तिला रडूच कोसळायचं बाकी होतं.

“अहो, मी एवढ्या लांब माझीच चटणी खायला आले का?”

“अगं, तुझ्यासाठीच...”

“माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी! मी काय मागितलं होतं, ते एकदा तरी ऐकलंत?”

भांडण रंगात येणार एवढ्यात लोंगबाई चहा घेऊन दारात आल्या. टेबलावरचे अकरा डबे पाहून त्यांचे डोळे विस्फारले. ट्रे खाली ठेवून त्यांनी दोन्ही हात छातीशी नेले, लतिकापुढे वाकल्या, भडाभडा काहीतरी बोलल्या आणि आत्माराम ‘नो नो’ म्हणेपर्यंत चार डबे उचलून जिना उतरल्यासुद्धा. पुन्हा आल्या, चार नेले. पुन्हा आल्या, तीन नेले.

उर्वी हसू दाबत फोनमध्ये वाचत होती. “बाबा, शी थिंक्स इट्स अ गिफ्ट. इथे गेस्ट फूड घेऊन येतात, अँड द होस्ट शेअर्स इट विथ द नेबर्स. शी इज सेइंग, इतकं कुणीच आणलं नव्हतं आजपर्यंत.”

खिडकीतून दिसत होतं. लोंगबाई दारोदार डबे पोचवत होत्या आणि प्रत्येक दारात लतिकाच्या खिडकीकडे बोट दाखवत होत्या. आत्माराम रिकाम्या बॅगेकडे बघत उभा होता. सगळं गेलं होतं, चिवड्याचा एक पोहाही उरला नव्हता. लतिकाला हसू फुटलं, आणि एकदा फुटलं ते आवरेचना.

त्या रात्री आत्माराम नुसत्या भातावर झोपला. लतिकाही प्रवासाने इतकी दमली होती की तिने चार घास खाल्ले, चांगले लागले, पण भूक काही लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी लोंगबाई त्यांना शेतावर घेऊन गेल्या. चढ कसला, छातीवर येणारा. वरच्या खाचरांत अजून पाणी होतं आणि त्या पाण्यात मासे. लोंगबाईंनी पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळला, पाण्यात उतरल्या आणि लतिकालाही ओढलं. मालवणच्या मुलीला मासा धरायला शिकवावं लागत नाही. चार सुटले, पाचवा तिने टोपलीत टाकला तेव्हा दोघी कमरेपर्यंत चिखलाने माखल्या होत्या आणि खिदळत होत्या. उतरताना, अर्ध्या वाटेवर, लतिका अचानक थांबली. पोटात काहीतरी ओढल्यासारखं झालं. तिने पोटावर हात ठेवला.

“ममा, आर यू ओके?”

“उर्वी,” ती हळूच म्हणाली, “मला भूक लागलीये गं.”

घरी पोचतात तो अंगणात अकरा शेजारणी जमलेल्या. प्रत्येकीच्या हातात लतिकाचा एकेक डबा. एकसष्ट नंबर पहिला तिच्या हातात आला आणि तो जड होता. तिने झाकण काढलं. आत केशरी रंगाची पिकलेली पर्सिमनची फळं. बासष्टमध्ये भाजलेले शेंगदाणे. मग अंडी, मुरवलेला मुळा, चिकट भाताचे गोळे, कसला तरी मध. अकराच्या अकरा डबे भरून आले होते.

लतिकाची आई शेजारणीची वाटी कधी रिकामी परत करायची नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. ते लतिका विसरून गेली होती. बावीस वर्षं तिच्याकडे रोज दुपारी डबे परत यायचे आणि सगळे रिकामे असायचे, निम्मे तर न विसळलेले. त्यात कुणाची चूक नव्हती, लोक पैसे देत होते. पण त्या अंगणात, चिखलाच्या पायांनी, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मध आणणारी बाई घाबरली आणि तिने डबा मागे घेतला. लतिकाने तो परत ओढून घेतला.

शेजारणींनी फोनपाशी गर्दी केली. ती शेंगदाण्याची चटणी कुणी केली म्हणे? आत्मारामची छाती फुगली. सकाळपासून पहिल्यांदा त्याला बोलायला विषय मिळाला होता.

“माय वाइफ! नंबर वन कुक! टुनाइट शी विल मेक फॉर ऑल, इन्शाल्ला!”

फोनने ते इमानेइतबारे सांगितलं. टाळ्या पडल्या. लोंगबाईंच्या चुलीकडे जायला वाट झाली, आणि लतिकाचे पाय सवयीने तिकडे वळलेसुद्धा. ओढणी कमरेला खोचली गेली. बारा बायकांचा स्वयंपाक म्हणजे काहीच नाही, तासाभराचं काम. चुलीशी पोचल्यावर तिने झारा उचलला आणि गरम तेलाचा पहिला वास नाकात शिरला. तिला पुढचं सगळं माहीत होतं. या वासाने आता भूक मरेल, आणि पुन्हा कधी लागेल कोण जाणे.

तिने झारा खाली ठेवला.

“उर्वी, सांग यांना. मी नाही करणार.”

“अगं, मी शब्द दिलाय,” आत्माराम पुटपुटला.

“तुम्ही दिलाय ना? मग तुम्ही करा. मला भूक लागलीये.” नकार इतका सोपा असतो हे पन्नासाव्या वर्षी कळल्यामुळे तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

उर्वीने फोनमध्ये सांगितलं. मग लोंगबाईंनी मांडीवर थाप मारली, झारा उचलून घेतला आणि आत्मारामकडे बघून चांगलं दणकावून काहीतरी बोलल्या.

“शी सेज,” उर्वी म्हणाली, “भूक लागलेल्या माणसाला कुणी स्टोव्हपाशी उभं करतं का? बाबा, शी इज रिअली स्कोल्डिंग यू.”

लतिकाला एका बुटक्या स्टुलावर बसवलं. बायका पांगल्या आणि आपापल्या घरून काही ना काही घेऊन आल्या. मधोमध कढई ठेवली, आंबट लाल रश्शात तिनेच धरलेला मासा. बाजूला बांबूचे कोवळे कोंब, पालेभाजी, विस्तवात भाजून कुटलेली मिरची, पिंपातला भात. लोंगबाईंनी स्वतः तिचा वाडगा भरला आणि दोन्ही हातांनी दिला. पहिल्या घासाला लतिका सवयीने हिशोब मांडायला लागली, आंबटपणा टोमॅटोचा की आणखी कशाचा, फोडणी आधी की नंतर. दुसऱ्या घासाला तिने ते सोडून दिलं. तिसऱ्या वाडग्यानंतर तिने ढेकर दिली आणि सगळ्या बायका हसल्या.

आत्माराम बराच वेळ रश्शाकडे संशयाने बघत होता. मग भुकेपुढे त्याचा नाइलाज झाला. दोन वाडगे संपवून तो लतिकाजवळ सरकला.

“तू घरी कधी बसून जेवतेस गं?”

“सहा वर्षं डबे न्यायला येता. आज विचारताय?”

त्याने आपल्या वाडग्यातला माशाचा मोठा तुकडा काट्यासकट तिच्या वाडग्यात टाकला.

उरलेले दिवस लतिकाने मनसोक्त भूक लावून घेतली आणि मनसोक्त जेवली. निघताना लोंगबाईंनी मिरच्यांची पिशवी दिली आणि तिने त्यांना एकाहत्तर नंबरचा डबा देऊन टाकला.

रोल्लात परत आल्यावर पुन्हा पहाट, पुन्हा कुकर, पुन्हा साठ डबे. “भाभी, साब ने कसम दी थी, इसलिए नहीं बताया,” म्हणत बिलकीसने कान धरले. लतिकाने तिला मिरच्यांतला अर्धा वाटा दिला. दुपारी तीनला ती कढईतला उरलेला भात उभ्याने चिवडत होती तेव्हा गाडी आली. नेहमीपेक्षा तासभर उशीर.

आत्मारामने क्रेट ओट्यावर ठेवला आणि उगाचच दारात रेंगाळला. लतिका डबे मोजायला लागली. साठ गेले होते, एकसष्ट परत आले. शेवटचा जड होता. झाकणावर नंबर एकसष्ट.

आत पिठलं होतं. गुठळ्या झालेलं, तळाशी करपलेलं, मोहरी कोळसा झालेली.

“कुणी दिलं?”

“तो आपला रामेश्वर आहे ना, तीन नंबरच्या डब्याचा, एकटा राहतो तो,” आत्माराम छताकडे बघत म्हणाला. “त्याचा गॅस वापरला. म्हणजे... त्याने बाजूला उभं राहून सांगितलं. केलं मीच.” त्याच्या अंगठ्यावर ताजा भाजल्याचा फोड होता.

लतिकाने कढई बाजूला सारली. कपाटातून ताट काढलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढली आणि बसली. बिलकीसने न सांगता एक गरम पोळी टाकली. पिठल्यात मीठ दुप्पट होतं. लतिकाने डबा बोटाने पुसून संपवला.

“मीठ?” त्याने भीत भीत विचारलं.

“जास्त आहे,” ती म्हणाली. “आणि पिठलं कमी. उद्या दोघांपुरतं आणा, आणि तुम्हीही बसा.”