नाश्ता बंदर

एकोणतीस सालच्या पावसाळ्यात बोटी बंद झाल्या आणि गफूर सुकाणी बुरोंडीला आपल्या घरी आला, तेव्हा त्याच्या सदऱ्यात दुसरा एक गफूर सहज मावला असता. आगबोटीचं चाक हातात धरण्यात त्याचा हात कोणी धरत नसे, पण बोटीवरचा नाश्ता त्याला बाधला होता. काळा कडू चहा आणि दगडासारखी बिस्किटं. वर्षानुवर्षं तेच. पोटात गेलेलं काही पोटात टिकत नव्हतं.

त्याच्या बायकोने, सकिनाने, त्याच्याकडे एकदा बघितलं. मग तिने नाचणी भिजवली, फडक्यात बांधून मोड आणले, पाट्यावर वाटली आणि पिळून तिचं दूध काढलं. ते मंद आचेवर शिजवून निवत ठेवलं. सकाळी त्यात नारळाचा रस, परसातलं पिकलं केळं, गुळाचा खडा आणि चिमूटभर मीठ घालून रवीने घुसळलं. लोटाभर गफूरच्या पुढ्यात ठेवलं.

"काय हाय हे?"

"घुसळ. प्या."

गफूर प्यायला. पोट गप्प बसलं. दुसऱ्या दिवशीही प्यायला. नारळी पौर्णिमेपर्यंत त्याचे गाल भरले आणि सदरा काखेत उसवला.

बोटी सुरू झाल्या. गफूरला आता मुंबई ते दक्षिणेकडच्या बंदरांची बोट मिळाली होती. निघताना तो सकिनाला म्हणाला, "येताना सकाळची आमची बोट आपल्या गावासमोरून जाईल. किनाऱ्यावर उभी रहा. लांबून बघेन तरी."

सकिना उभी राहिली. येताना सवयीने तिने घुसळीचा लोटाही आणला होता. सूर्य वर आला आणि दाभोळच्या बाजूने बोट दिसली. बोटीवर गफूरच्या हातात चाक होतं. त्याला किनाऱ्यावर लाल ओढणी दिसली, तिच्याजवळ काहीतरी चकाकताना दिसलं, आणि त्याचे हात आपोआप उजवीकडे वळले. हातांबरोबर चाक वळलं, चाकाबरोबर बोट वळली. सगळे उतारू एका बाजूला कलंडले. बोट थेट बुरोंडीच्या दिशेने निघाली.

कप्तान गोरा होता आणि या किनाऱ्यावर नवा होता. तो सलूनमधून धावत वर आला. "क्या है? बोट किधर जाता?"

गफूरला खोटं बोलता येत नसे. तो म्हणाला, "नाश्ता, साब."

कप्तानाने कपाळ पुसलं. विजयदुर्ग, जैतापूर, जयगड, दाभोळ, दर थोड्या वेळाने इथे एक बंदर येत होतं आणि एकाही नावावर त्याची जीभ वळत नव्हती. हे नाव त्यातल्या त्यात सोपं होतं. "नाश्ता! पहले क्यों नहीं बोला?" असं गुरकावून त्याने नांगर टाकायला लावला आणि भोंगा वाजवला.

भोंगा ऐकून सकिनाचा चुलतभाऊ कमाल होडी घेऊन धावला. बोट फुटली असावी अशी त्याची समजूत झाली होती. सकिना लोट्यासकट होडीत चढली. बोटीवर पोचताच तिने लोटा पुढे केला. कप्तानाला वाटलं, या बंदराची ही रीत असेल. त्याने टोपी काढली, लोटा दोन्ही हातांनी घेतला आणि तळाशी थेंबही न ठेवता पिऊन टाकला. वर चाकापाशी उभा असलेला गफूर बघत राहिला.

कप्तानालाही पोटाचं दुखणं होतं. त्या दिवशी मुंबई येईपर्यंत त्याने कोणाला शिवी दिली नाही. खलाशी घाबरले.

त्यानंतर गफूरची बोट दर खेपेला नाश्ता बंदरात थांबू लागली. उतारूंना वास लागला तसे तेही मागू लागले. सकिनाने पातेलंभर घुसळ केली, मग हंडाभर. बुरोंडीच्या इतर बायकाही होड्या-पडावांत बसून बोटीला जाऊ लागल्या. कोणी घावणे नेले, कोणी उकडलेली रताळी, कोणी मोड आलेले मूग खोबरं घालून, कोणी शहाळी. मुंबईला जाणारे उतारू बोटीवर चढताच विचारायचे, "नाश्ता कधी येणार?" आणि खलाशी सांगायचे, "दाभोळच्या पुढे."

मुंबईहून काही लोक थेट नाश्त्याचं तिकीट काढून निघाले. कंपनीच्या कचेरीत असं बंदर कोणाला ठाऊक नव्हतं, पण कप्तान म्हणतो म्हणजे असणार म्हणून तिकिटं दिली गेली. शेवटी कंपनीने बंदर पाहून यायला कैखुश्रूशेट नावाच्या आपल्या पारशी तपासनिसाला पाठवलं. गृहस्थ भल्या सकाळी पडावातून उतरले, बूट हातात घेऊन वाळूत आले आणि समोर दिसलेल्या कमालला त्यांनी विचारलं, "दीकरा, इथे नाश्ता कुठे हाय?"

"कुठं म्हणजे? घरात," कमाल म्हणाला, आणि त्यांना घरी घेऊन गेला. घावणे आणि गुळाचा रस पुढे आला. पाहुण्याने खाल्लं. खाऊन झाल्यावर ते म्हणाले, "हे बराबर. पण मी मोठा नाश्ता शोधते. बोट थांबते तो."

"मोठा? मग फातिमाबीकडं चला."

फातिमाबी सकिनाची सासू. तिने रताळी, शेंगदाणे आणि घुसळ मांडली. कैखुश्रूशेट सगळं संपवून घाम पुसत म्हणाले, "बाई, धक्का कुठे हाय? धक्क्याशिवाय चालेल कसा?"

"धक्का कशाला लागतोय?" फातिमाबी म्हणाली. "घोट घ्या, आपोआप खाली जाईल."

अशा रीतीने ते दुपारपर्यंत घरोघर नाश्ता शोधत फिरले. कोणी त्यांना परत पाठवलं नाही. संध्याकाळी चार गड्यांनी त्यांना उचलून पडावात ठेवलं. मुंबईला जाऊन त्यांनी साहेबांना सांगितलं की बंदर उत्तम आहे, माणसं मायाळू आहेत आणि खोली इतकी आहे की आपल्याला तळ लागला नाही. कंपनीने नाश्ता बंदर कायम केलं.

गाव खुश होतं. सकिना सोडून. सबंध रात्र ती नाचणी वाटत बसायची, सकाळी हंडा घेऊन बोटीवर जायची, आणि कप्तान, खलाशी, उतारू यांचं होईपर्यंत हंडा रिकामा व्हायचा. बोट चालू असेतो गफूरला चाक सोडायची परवानगी नव्हती, आणि थांबली की लगेच निघायची घाई. त्याच्या वाट्याला आता पुन्हा काळा चहा आला. सदरा पुन्हा ढगळ झाला.

एका सकाळी सकिना रिकाम्या हाताने होडीत बसली. बोटीच्या शिडीवर चढताच कप्तान लोटा घेऊन पुढे आला. तिने त्याला बाजूला केलं, गर्दीतून वाट काढत चाकापाशी गेली आणि नवऱ्याचं मनगट धरलं.

"चला घरी."

"अगं, डूटीवर हाय मी."

"कुणासाठी केली होती ती घुसळ? या टोपीवाल्यासाठी? मी तुमच्यासाठी केली. पोटाला मिळत नाय तर डूटी काय कामाची?"

गफूरने तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि बोटांना पाट्याने फोड आले होते. इतक्या दिवसांत ते त्याला लांबून दिसलं नव्हतं. त्याने चाक सोडलं.

कप्तान कळवळून म्हणाला, "बोट कौन चलायेगा?"

सकिना म्हणाली, "सांगा त्याला, इतके हंडे प्यायलाय. अंगात ताकद आली असेल. चालव म्हणावं."

गफूरने ते जमेल तसं सांगितलं. कप्तानाला ते पटलं. त्याने बाह्या सारल्या, चाक धरलं आणि बोट सरळ मुंबईला नेली. वाटेत ती कुठेही थांबली नाही. पुढे हर्ण्याला उतरणारे मात्र खूप ओरडले.

घरी आल्यावर गफूर चुलीपाशी बसला आणि आशेने इकडे तिकडे बघू लागला. त्या दिवशी घुसळ नव्हती. सकिनाने गरम पेज वाढली, बाजूला खारातली मिरची ठेवली आणि स्वतःची थाळी घेऊन समोर बसली. दोघांनी एकत्र सकाळचं खाल्लं त्याला किती दिवस झाले ते दोघांनाही आठवेना.

गफूर पुन्हा बोटीवर गेला नाही. कमालच्या होडीवर मासे मारू लागला. पहाटे जायचा आणि नाश्त्याला परत यायचा. आगबोट आणखी काही वर्षं बुरोंडीसमोर थांबत राहिली, गावच्या बायका पडावातून घावणे नेत राहिल्या. सकिना कधी गेली नाही.

"बोटीची आठवण येते?" एकदा तिने विचारलं.

गफूरने पेजेचा घोट घेतला, जरा विचार केला.

"आज मीठ जास्त पडलंय," तो म्हणाला.

"प्या गुमान," सकिना म्हणाली, आणि त्याच्या वाडग्यात आणखी पेज वाढली.