डांबर पुसलेली पाटी

मित्रांनो, पाटी म्हटलं की तुम्हाला शाळा आठवेल. मी त्या घराण्यातली नाही. मी एका टेलरच्या दुकानावरची जुनी पत्र्याची पाटी आहे. सध्या पोलीस ठाण्यातल्या एका खोलीत, चाक नसलेल्या सायकलीशेजारी, भिंतीला टेकून उभी असते. इथे सायकलीला सायकल म्हणत नाहीत आणि मला पाटी म्हणत नाहीत. आम्हा सगळ्यांचं नाव एकच, मुद्देमाल.

मला एका पेंटरने घडवलं. निळी जमीन, पिवळी अक्षरं आणि कोपऱ्यात कात्री. कात्री त्याला काही साधली नाही.

"हा बेडूक कशाला काढलात?" टेलरच्या बायकोने विचारलं.

"वहिनी, कात्री आहे ती."

"असू द्या. लांबून दिसतोय ना, झालं."

टेलरचं कुटुंब दुसऱ्या मुलखातून आलेलं. इथली भाषा ते इथल्यांपेक्षा जपून बोलत. गल्लीतल्या निम्म्या नवरदेवांचे कोट माझ्याखाली शिवले गेले. लोक म्हणत, माणूस परका आहे, पण माप चोख. यातला 'पण' मी अनेक वर्षं ऐकला आणि कौतुक समजून घेतला.

मग एका वर्षी शहराची हवा बिघडली. चौकात भाषणं झाली. ज्यांचं कशातच काही जमत नव्हतं, त्यांना अचानक त्याचं कारण सापडलं. ते कारण आमच्या दुकानात शिवणयंत्रावर बसलेलं होतं.

एका सकाळी टेलरने दुकान उघडलं तेव्हा काच फुटलेली होती आणि माझ्यावर डांबराने एक शब्द लिहिलेला होता. टेलरच्या जातकुळीला, त्याच्या आईच्या पोटापासून हिणवणारा. पोलीस आले. पंचनामा लिहिणारे साहेब सभ्य होते. त्यांनी लिहिलं, 'पाटीवर आक्षेपार्ह मजकूर आढळला.' फोटोही निघाला, पण फाईलपर्यंत त्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स पोचली. तिच्यात मी पावसाळी ढगासारखी दिसते.

डांबर फासणारा सापडला. याच टेलरने त्याच्या लग्नाचा कोट शिवला होता.

सरकारी वकिलांनी टेलरला कायदा समजावला. "नुसतं डांबर फासलं तर ते नुकसान. तुम्ही कोण आहात म्हणून फासलं, हे सिद्ध झालं तर तो द्वेषाचा गुन्हा. शिक्षा जास्त."

"डांबर तेच ना, साहेब?"

"डांबर तेच. शब्दावर सगळं आहे."

टेलरची बायको गाव सोडायचं म्हणत होती. टेलर तिला म्हणाला, "नुकसान कुठेही होतं. पण हे का झालं, ते कोर्टाने एकदा म्हटलं तर आपण राहू. नाही म्हटलं तर तू सामान बांध."

हे सगळं माझ्यावर अवलंबून होतं, आणि मी हवालदारांच्या खोलीत होते. हवालदार म्हणजे या खोलीचे राखणदार. निवृत्तीला टेकलेले, शांत, कोणाला अरे न म्हणणारे. ते डबा इथेच खात. समोर मी. टेलरची बायको चौकशीला आली की तिच्याही समोर मीच. एका दुपारी त्यांनी घास खाली ठेवला, बाटलीतलं रॉकेल फडक्यावर घेतलं आणि मला स्वच्छ पुसलं. "बाईंना पुन्हा पुन्हा कशाला दिसायला हवं," असं स्वतःशीच म्हणाले. मला इतक्या मायेने आजवर कोणी पुसलेलं नाही. खटलाही तितकाच स्वच्छ झाला.

कोर्टात टेलर, त्याची बायको आणि मुलगी यांच्यासमोर माझ्यावरचं कापड काढलं. निळी जमीन, पिवळी अक्षरं, बेडूक आणि एक तपकिरी डाग.

आरोपीचे वकील उठले. "माझ्या अशिलाने रागाच्या भरात 'लबाड' असं लिहिलं होतं. कोटाचा खांदा बिघडला होता. हा गिऱ्हाईक आणि टेलर यांच्यातला प्रश्न आहे."

टेलरने खरा शब्द सांगितला असता, तर 'फिर्यादी असंच सांगणार' असं हे वकील म्हणणार होते. शेजारच्या दुकानदारांपैकी त्या सकाळी कोणाकडेच चष्मा नव्हता. पंचनामा लिहिणाऱ्या साहेबांना 'आक्षेपार्ह' एवढंच आठवत होतं. राहिले हवालदार.

"तुम्ही पुसलंत?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"हो, मॅडम."

"काय लिहिलं होतं?"

"वाईट होतं, मॅडम."

"शब्द सांगा."

हवालदारांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "माझ्या तोंडून असला शब्द कधी गेला नाही. इथे बायामाणसं बसलीयत. यांची मुलगी बसलीय."

"'लबाड' होतं का?" आरोपीचे वकील गोड आवाजात म्हणाले.

हवालदार टोपीची किनार चाचपत राहिले. टेलर जागेवरून उठू लागला. आता मुलीसमोर स्वतःच तो शब्द उच्चारायचा, एवढंच त्याच्या हातात होतं. बायकोने त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं आणि हवालदारांकडे पाहिलं.

"बोला भाऊ. आम्हाला तो नवा नाही. बाजारात ऐकतो, नळावर ऐकतो. आमच्यासाठी नका थांबू."

न्यायाधीशबाईंनी टेलरच्या बायकोला मध्ये बोलू नका असं सांगितलं, पण जरा उशिराच सांगितलं.

हवालदारांनी मान खाली घालून तो शब्द म्हटला. टंकलेखकाला ऐकू गेला नाही. त्यांना तो पुन्हा, मोठ्याने म्हणावा लागला.

निकालात तो शब्द जसाच्या तसा आहे. त्याखाली लिहिलंय की कोटाच्या खांद्याचा राग माणसाच्या जन्मावर निघत नसतो, म्हणून हा द्वेषाचा गुन्हा. शिक्षा त्या हिशेबाने झाली. टेलरने सामान बांधलं नाही. हवालदारांची पुरावा पुसल्याबद्दल चौकशी चालू आहे. आरोपी अपिलात गेला, म्हणून मी इथेच. अपील कधी संपेल, हे सायकलीलाही सांगता येत नाही, आणि ती माझ्या आधीपासून इथे आहे.

मित्रांनो, मी दमले आहे, म्हणून थोडक्यात सांगते. कोणाच्या दारावर असलं काही लिहिलेलं दिसलं, तर ते पुसायला जरूर मदत करा. पण आधी ते नीट वाचा आणि कोणी विचारलं की स्पष्ट सांगा. तुम्हाला तोंड विटाळल्यासारखं वाटेल. वाटू द्या. तुम्ही गप्प बसलात, तर तो शब्द ज्यांच्यासाठी लिहिला होता, त्यांनाच तो उभं राहून म्हणावा लागतो.