सुक्या बोंबलांची शपथ

“एकवीरा आईची शप्पथ!” गंगाबाईनं डोक्यावरची पाटी धाडकन टेबलावर ठेवली. “माझा एक शबुद खोटा निघाला, तर या पाटीतले सुके बोंबील उठून पोहायला लागतील!”

टेबलाभोवतीच्या बारा बायकांनी आधी बोंबलांकडे पाहिलं, मग नाकाला रुमाल लावले. नवीन पनवेलच्या त्या महिला मंडळात हळदीकुंकवं झाली होती, पाककृती स्पर्धा झाल्या होत्या, पण सुक्या मासळीची पाटी टेबलावर आली नव्हती. आली ती नेमकी मंडळाच्या तक्रारपत्राला खेटून.

त्या पत्रापायीच गंगाबाई उरण नाक्यावरचा धंदा अर्ध्यात टाकून आली होती. तिची नात मोनाली टीव्हीवरच्या मालिकेत सोशिक सून व्हायची. सासूनं गरम दूध अंगावर ओतलं तरी ‘आई, तुमचा हात नाही ना भाजला?’ असं विचारणारी. मागच्या रविवारी ती एका साडीच्या दुकानाचं उद्घाटन करायला पनवेलात आली, आणि फीत कापायच्या घाईगर्दीत माइकवरून एक शिवी अशी कडाडली की समोरून चाललेली रिक्षा जागच्या जागी बंद पडली. रिक्षाचं गंगाबाई सांगायची. शिवी मात्र सगळ्या गावानं ऐकली. केबलवाल्यानं ती आठवडाभर ‘टूंऽऽ’ करून दाखवली. चित्रात नुसती गर्दीची डोकी, चेहरा कुणाचाच नाही, आणि त्या टूंमुळे शिवी होती त्याहून मोठी वाटायला लागली.

आता चाळीस सह्यांचं पत्र उद्या चॅनेलला जाणार होतं. चॅनेलवाल्यांनी मोनालीला आधीच बजावलं होतं, आणखी एक तक्रार आली तर सून देवदर्शनाला निघेल आणि बस दरीत पडेल.

“शिवी मोनालीनं दिलीच नाय,” गंगाबाई म्हणाली. “मी दिली.”

खुर्च्या करकरल्या.

“आजी, माइक तिच्या हातात होता,” मंडळाची चिटणीस कीर्ती म्हणाली.

“तिच्या हातात होता. पन मला माइक लागतो का गं बाय?”

कुणीतरी रुमालामागं फिसकन हसलं.

“मी तिच्या बाजूलाच उभी होते,” गंगाबाईनं बैठक मारली. “दुकानाचा बिल्लेवाला एक आला. म्हनला, ए मासळीवाली, वास मारतोय, उतर खाली. आन् खांद्याला धरून ढकलली ना मला! पायरीवरून घसरले. मग तोंडातून निघाली ती निघाली.”

इतका वेळ अध्यक्षा शशिकलाताई पेनाचं टोपण काढत होत्या, लावत होत्या. त्यांचा हात थांबला.

“तरी पण,” कीर्ती म्हणाली, “तुमचा आवाज एवढा?”

“एवढा? अगो, आमचा म्हातारा काशिराम तीन दिस दर्यात हरवला होता. धुकं असं की हाताला हात दिसं ना. मी धक्क्यावर उभी राहिले आन् त्याच्या सात पिढ्या काढल्या. आवाजाच्या रोखानं होडी सरळ घरी! मागून दोन परक्या होड्या पन आल्या. त्यातल्या एकाला आमच्यातच पोरगी दिली.”

आता रुमाल खाली आले होते. कीर्ती मात्र हटेना.

“मग आत्ता द्या ना ती शिवी. आम्हालाही कळू दे आवाज तोच का.”

“खिडक्या लावा,” गंगाबाई म्हणाली. “शेजारपाजारी लेकरंबाळं असतील.”

खिडक्या लागल्या. गंगाबाईनं पदर खोचला, डोळे मिटले, घसा साफ केला.

शिवी सुटली. कोकम सरबताचे ग्लास ट्रेमध्ये किणकिणले. दोन मिनिटांनी सोसायटीचा वॉचमन धापा टाकत जिना चढून दारात उभा राहिला.

“मॅडम, मला बोलावलंत?”

मग जे हसू फुटलं ते आवरेना. एकीला ठसका लागला. कीर्तीनं डोळे पुसत पत्र पुढं ओढलं.

“तोच आवाज, शंकाच नाही! मग तक्रार कशाला? तुमचं वेगळं आहे, आजी. तुमच्या तोंडी चालून जातं. पण टीव्हीवरच्या मुलीनं असं बोलायचं नसतं. माझी श्रुती तिच्यासारख्या दोन वेण्या घालते हो.”

गंगाबाईच्या जिभेवर उत्तर आलं. चाळीस वर्षं बाजारात ती शिव्या देत आली, कुणी अर्धी सही केली नव्हती. उलट गिऱ्हाइकं थांबून ऐकायची. तिच्या तोंडी चालायला तिचं तोंड काय गटार होतं? पण पत्र अजून फाटलं नव्हतं. तिनं उत्तर गिळलं आणि पाटीवरचं फडकं सारखं केलं.

शशिकलाताईंनी पत्र उचललं. एकदा उभं फाडलं, एकदा आडवं.

गंगाबाई पाटी घेऊन खाली उतरली. फाटकापाशी रिक्षा शोधत होती, तेवढ्यात मागून चपला वाजल्या. शशिकलाताई एकट्याच आल्या होत्या.

“आजी, त्या दिवशी मी पहिल्या रांगेत होते.”

गंगाबाईनं पाटी सावरली.

“मोनालीचे ओठ हललेले मी पाहिले. तुम्ही तर पायरीवर बसून गुडघा चोळत होतात.”

“मग,” गंगाबाईनं हळूच विचारलं, “पत्र फाडलंत कशाला?”

शशिकलाताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“त्यानं तुम्हाला ढकललं तेही पाहिलं होतं. पुढं आम्ही बारा जणी बसलो होतो. कुणी ‘अहो, जपून’ एवढंसुद्धा म्हणालं नाही. बोलली ती एकटीच.”

रिक्षा येऊन थांबली. गंगाबाईनं पाटी आत ठेवली, मग पाटीतून मूठभर बोंबील काढून, कागदात गुंडाळून शशिकलाताईंच्या हातात कोंबले.

“आमच्याकडे खात नाहीत हो,” त्या गडबडल्या.

“शिका.”

रिक्षा हलली तशी गंगाबाईनं बाहेर मान काढली.

“तेवढं एकच खोटं होतं, बाय! बाकी सगळं खरं. होडीचं पन!”

मग मान आत घेऊन तिनं फडक्याचं टोक उचललं आणि पाटीत पाहिलं. बोंबील जागचे हलले नव्हते.