बाबांसाठी राखून ठेवलेलं पाऊल

बबड्याने पहिलं पाऊल टाकलं, तेव्हा त्याचा बाप दूर समुद्रात, मालवाहू बोटीच्या इंजिनावर कामाला होता. मावशी म्हणाली, "ताई, भावजींना सांगू नकोस. सुट्टीवर आले की त्यांच्यासमोरच चालू दे." सगळ्यांना पटलं. तेव्हापासून बबड्या उभा राहिला की घरातलं कुणी ना कुणी ओरडायचं, "बस खाली, बाबा येऊ देत!" आणि तो शहाण्यासारखा बसायचा.

आता बापाच्या सुट्टीचा शेवटचा दिवस होता. सगळे किनाऱ्यावर आले होते. संध्याकाळी बापाला बोटीवर परतायचं होतं आणि सकाळपासून तो वाळूत हात पसरून बसला होता.

"ये की रे, लबाडा!"

बबड्या उठायचा, बापाकडे बघून हसायचा आणि आपणहून बसायचा.

"याच्या पायात काही दोष नाही ना गं?" बापाने विचारलं.

"नाही हो, चालतो तो! केव्हाच चाललाय." आई रडू लागली. "तुमच्यासाठी थांबवून ठेवला होता. करायला गेलो एक आणि झालं भलतंच."

"अगं, पहिलंच पाऊल कुणी मागितलं होतं? दहावं, विसावं, कुठलंही चाललं असतं मला."

बोटीचा भोंगा वाजला. बापाने पिशवी खांद्याला लावली. बबड्या धडपडत उभा राहिला. मावशीने स्वतःच्या तोंडावर हात दाबला. बबड्याने वळून एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणीच काही बोललं नाही.

तरी तो बसला.